कॅलॅश: गाडीच्या टपासारखी मिटणारी टोपी (प्रकल्प नोंदी)

१० जून

काम पक्कं झालं. नाटकाचा दुसरा अंक १७८० च्या लंडनमध्ये घडतो. घरची बाई मेजवानी आटोपून बाहेर पडते, दारात घोडागाडीची वाट बघत थांबते आणि पुढच्या प्रवेशात आपल्या घरात शिरते. दिग्दर्शकांचं म्हणणं एवढंच, की डोक्यावर त्या काळचं काहीतरी भारी हवं. माझ्या मनात पहिल्यापासून कॅलॅशच आहे.

कॅलॅश म्हणजे वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या कमानी आणि त्यांवर चढवलेलं रेशीम. टोपी म्हणायची, पण आकार पाळण्याच्या छताएवढा. कमानी एकीवर एक मिटतात, त्यामुळे ती मागे पाडता येते. पुढच्या कडेला फीत असते. ती ओढली की टोपी पुन्हा चेहऱ्याच्या पुढपर्यंत उभी राहते. नाव घोडागाडीचं. मिटणारा टप असलेली कॅलॅश नावाची हलकी गाडी फ्रान्स-इंग्लंडात १७व्या शतकाच्या उत्तरार्धापासून फिरत होती. टोपी तिच्यामागून जवळजवळ शंभर वर्षांनी आली आणि १७७० च्या दशकात चांगलीच रुळली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन या दोन्ही संग्रहालयांत खऱ्या कॅलॅश आहेत. त्यांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावलेत. समोरून पाहिलं तर नुसता फुगा दिसतो. बाजूने पाहिलं की सगळी रचना कळते.

१३ जून

आधी केस, मग टोपी. केस समजल्याशिवाय ही वस्तू कळणारच नाही.

१७७० च्या दशकात तिकडच्या श्रीमंत बायकांच्या केसरचना वर वर चढत गेल्या. डोक्यावर लोकरीची किंवा घोड्याच्या केसांची उशी ठेवायची, स्वतःचे केस तिच्यावरून वर घ्यायचे, कमी पडतील तिथे गंगावन लावायचं. केस जागच्या जागी राहावेत म्हणून डुकराच्या नाहीतर मेंढीच्या चरबीचं सुगंधी मलम चोळायचं आणि त्यावर स्टार्चची पावडर उडवायची. या कामात तासन् तास जात, म्हणून एकदा बांधलेलं डोकं बरेच दिवस तसंच सांभाळलं जाई. १७८० नंतर उंची ओसरू लागली, तर केस रुंदीला फुलले. त्यावर जाळीची किंवा मलमलची झालरवाली घरटोपी असायची, ती वेगळीच.

आता हे डोकं घेऊन रात्री बाहेर कसं पडायचं? लंडनच्या थंडीत, धुक्यात, कोळशाच्या काजळीत? शाल ओढली तर केस दबणार, पावडर शालीला लागणार. साधी टोपी बसतच नाही. छत्रीही तेव्हा सर्रास झाली नव्हती. जोनास हॅनवे नावाचे गृहस्थ लंडनच्या रस्त्यांवरून छत्री घेऊन हिंडत आणि लोक त्यांची टर उडवत. ते वारले १७८६ मध्ये. म्हणजे आपल्या नाटकातली बाई ज्या रात्री दारात उभी आहे, त्या रात्री छत्री ही वस्तूच अजून थट्टेचा विषय आहे.

मग हवं होतं ते असं आवरण, जे केसांना न टेकता केसांभोवती उभं राहील आणि दारातून किंवा गाडीत शिरताना खाली बसेल. टोपी करणाऱ्या बायकांना याचं उत्तर रस्त्यावरच्या गाडीत सापडलं. मला याचं फार कौतुक वाटतं. मेरी आणि मॅथ्यू डार्ली या जोडप्याच्या लंडनमधल्या दुकानातून त्या काळी उंच केसांची टिंगल करणारी चित्रं धडाधड छापून विकली जात होती, आणि आजही त्या काळातल्या बायकांची आठवण निघते ती त्याच चित्रांमधून. टोपी हातात घेऊन पाहिली असती तर हसण्याच्या आधी तिची बांधणी दिसली असती. आपल्या रंगमंचावर तरी प्रेक्षकाला ती बांधणी दिसावी, एवढं मी या कामातून मागते आहे.

१७ जून

विग अजून तयार व्हायचा आहे, म्हणून डमीच्या डोक्यावर फोम बांधून उंची धरली. माथ्यापासून सात इंच वर, रुंदी बारा इंच. कमान जबड्याखालून निघून केसांच्या वरून पलीकडच्या जबड्याखाली पोचायला हवी आणि मध्ये सगळीकडून दोन बोटं मोकळी राहायला हवीत. दर्शनी कमान ४३ इंच आली, सगळ्यात मागची २७. मध्ये आणखी तीन.

मांजरपाटाचा कच्चा नमुना बेतला. कापड म्हणाल तर एक सरळ लांबट तुकडा. त्यावर आडवे नेफे घालायचे, नेफ्यांत कमानी सरकवायच्या, मागचं टोक चुण्या घालून छोट्या गोलात आवळायचं आणि खालच्या कडेला मानेवर पडणारी झालर जोडायची. कात्रीचं काम जवळजवळ नाहीच. रेशीम महाग आणि मजुरी स्वस्त असा तो काळ. कापड वाया न घालवता चुण्यांनी आकार काढायचा, हे त्या काळच्या सगळ्या शिवणकामात दिसतं.

२२ जून

आज लग्नाच्या वरातीच्या बग्ग्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात गेले. मिटणारा टप उघडा करून बघायचा होता.

कारागीर मामांनी एका जुन्या बग्गीचं रेक्झिन सोडवून ठेवलेलंच होतं, त्यामुळे सांगाडा समोर. चार कमानी. बैठकीच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड लोखंडी खिळा आणि चारही कमानींची टोकं त्या खिळ्यात ओवलेली. पंख्याच्या काड्या जशा एका जागी येतात, अगदी तसंच. बाहेरच्या अंगाला मधोमध दुमडणारा लोखंडी दांडा. टप वर केला की दांडा सरळ होतो आणि सरळ रेषेच्या किंचित पुढे जाऊन अडकतो. एकदा अडकला की वारा कितीही असो, टप पडत नाही. मिटायचा असेल तर दांड्याच्या सांध्यावर खालून हाताने ठोकायचं.

मामा म्हणाले, "ताई, टप कापडावर उभा राहत नाही. दांड्यावर राहतो. कापड फक्त अंतर राखतं."

हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. कमानी किती लांब उघडायच्या ते कापड ठरवतं, आणि उघडलेल्या कमानी पडू द्यायच्या नाहीत हे काम दांड्याचं. टोपीत कमानी आहेत, कापड आहे, दांडा कुठेच नाही. दांड्याची जागा त्या फितीने घेतली आहे आणि फितीचं दुसरं टोक बाईच्या हातात आहे.

२५ जून

गाड्यांबद्दल थोडं टिपून ठेवते, नेपथ्यवाल्यांना उपयोगी पडेल.

मिटणाऱ्या टपाच्या गाड्यांचं एक मोठं घराणंच आहे. कॅलॅश हलकी, चाकं लहान, टप मागच्या बैठकीपुरता. बरूश तिच्या जवळची, समोरासमोर दोन बैठकी, पण झाकली जाते फक्त मागची. ही १९व्या शतकातली, म्हणून आपल्या प्रवेशात चालणार नाही. लँडो हे जर्मन गावाचं नाव मिळालेली गाडी. तिला पुढून एक आणि मागून एक असे दोन टप, मधोमध येऊन एकमेकांना भिडणारे. लँडोचा तो बाहेरचा दांडा इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला असे. अमेरिकेतल्या कित्येक शववाहिन्यांच्या बाजूला आजही तो दांडा शोभेसाठी लावलेला दिसतो. टप मिटत नाही, सांधा हलत नाही, नुसता आकार राहिला आहे.

कॅलॅशची कॅनडातली बहीण दोन चाकांची. क्वेबेक प्रांतात ती खूप चालली आणि मॉन्ट्रियलमध्ये पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या घोडागाड्यांना अगदी परवापर्यंत तेच नाव होतं. त्या शहराने २०१९ च्या अखेरीस घोडागाड्या बंद केल्या. मुंबईच्या व्हिक्टोरियाही याच घराण्यातल्या: बुटकी बैठक, मागे पडणारा टप, गाडीवान उंचावर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेवरच्या गाड्या दक्षिण मुंबईत आल्या. घोड्यांच्या हालांचा विचार करता दोन्ही निर्णय मला योग्यच वाटतात. टपाची कारागिरी मात्र कुणीतरी नीट नोंदवून ठेवायला हवी.

आपल्या प्रवेशात गाडी दिसत नाही, तिचा फक्त आवाज येतो. ती बंद गाडी धरायची की उघडी, यावर दिग्दर्शकांशी बोलायचं आहे. बंद असेल तर बाईने चढायच्या आधी टोपी मागे पाडायला हवी, नाहीतर ती दारात अडकणार. मला बंदच हवी.

१ जुलै

बुरूड आळीतून वेत आणला. खऱ्या कॅलॅशमध्ये वेत आणि देवमाशाच्या पट्ट्या दोन्ही आढळतात. देवमाशाच्या तोंडातल्या चाळणीच्या पट्ट्या, आपल्या नखा-केसांच्याच द्रव्याच्या. वाफेवर धरल्या की वळतात आणि थंड झाल्यावर तो आकार धरून ठेवतात. यासाठी ग्रीनलंडच्या समुद्रात देवमाशांची बेसुमार शिकार झाली. आज तो व्यापार बंद आहे आणि बंदच राहो. वेत स्वस्त, शिवाय इंग्लंडला तो पूर्वेकडच्या बेटांवरून जहाजांनी मिळत होताच.

बुरूडकाकूंनी माझ्यासमोर वेत चिरला. सुरीचं पातं टोकात रुतवलं, मग पातं स्थिर ठेवून वेतच पुढे ढकलत गेल्या. पातं रेषेबाहेर जायला लागलं की जाड बाजू अंगठ्याने दाबायची, चीर आपोआप मध्ये येते. गाभा काढून टाकला, साल ठेवली. हाताला लागणारी चकचकीत बाजू बाहेरून ठेवायची म्हणाल्या. आतून ठेवली तर वळवताना तडकते.

५ जुलै

वेत भिजवून लाकडी साच्यावर बांधलाय. पावसाळी हवेत वाळतच नाही. पंखा लावून ठेवला.

८ जुलै

रेशीम मिळालं, गर्द हिरवा ताफ्ता. हिरव्या कॅलॅश बऱ्याच टिकून आहेत, तेव्हा रंगाबद्दल निश्चिंत. दुकानात तीन गठ्ठे 'प्युअर' म्हणून दाखवले, तिन्हींचा एकेक धागा जाळून पाहिला. खऱ्या रेशमाचा धागा जळक्या केसासारखा वास देतो, चुरमडतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. तिघांत एकच खरा निघाला.

पॉलिएस्टर रंगमंचावर लांबून तसंच दिसेल, असं आमच्याच टीममधल्या एकाचं म्हणणं. दिसेलही. पण मिटताना ते रेशमासारखं बसत नाही, कमानींच्या मध्ये फुगून राहतं. आणि आवाज! ताफ्ता मिटताना कोरड्या पानांवर पाय पडल्यासारखा सळसळतो. पहिल्या चार रांगांना तो ऐकू गेला पाहिजे.

आत पातळ गुलाबी अस्तर घेते आहे. दिव्याचा उजेड अस्तरावरून चेहऱ्यावर पडेल. एरवी एवढ्या खोल टोपीत चेहरा काळोखात जाईल.

१४ जुलै

नेफे शिवते आहे. सगळी हातशिलाई. शिवणयंत्र घरोघरी आलं ते १९व्या शतकाच्या मध्यानंतर, आणि यंत्राची टीप ताफ्त्यावर ताठ दिसते. अमेरिकेत कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या काळासारख्या जपलेल्या संग्रहालय-गावात १८व्या शतकातल्या टोप्या-झगे जुन्या पद्धतीने शिवणाऱ्या कारागीर बायका आहेत. त्यांच्या कामाचे फोटो बघून टाक्याची लांबी ठरवली.

एका नेफ्याला धावदोऱ्याच्या दोन रांगा. मधलं अंतर वेताच्या जाडीपेक्षा अगदी कणभर जास्त. अंतर वाढलं तर कमान नेफ्यात फिरते आणि टोपी एका अंगाला कलते. कमी पडलं तर वेत आत घालताना रेशीम उसवतं. टाके इंचाला दहा. सुई बारीक, दोरा रेशमी आणि मेणावर ओढून घेतलेला. ताफ्त्यात पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून टाचण्या फक्त शिलाईच्या रेघेवरच लावायच्या. कापडाचा उभा धागा कमानीला काटकोनात ठेवला आहे. तिरका गेला तर दोन कमानींमधलं रेशीम ओढ घेतं आणि मिटताना पिळतं.

वेताची टोकं कानशीने गोल घासून त्यांना मेण लावलं. टोकदार राहिली तर महिन्याभरात नेफा फोडून बाहेर येतील.

२० जुलै

कमानी चढवल्या. आज दिवसभर एकाच प्रश्नावर काम केलं: खालची टोकं किती जवळ आणायची?

गाडीत सगळी टोकं एका खिळ्यात येतात. टोपीत खिळा नाही, टोकं खालच्या कडेला शिवलेली असतात. ती लांब लांब ठेवली तर मिटल्यावर मागच्या कमानी पुढच्यांच्या आत बसत नाहीत आणि टोपी मानेमागे वेडीवाकडी लोंबते. अगदी एका ठिकाणी आणली तर कानाजवळ रेशमाचा गोळा होतो आणि बाजूने पाहताना गाल सुजल्यासारखा दिसतो. शेवटी टोकांमध्ये बोटभर अंतर ठेवलं आणि तेवढ्या भागात रेशीम आत वळवून चुण्या घातल्या. आता मिटते तेव्हा क्रमाने मिटते: सगळ्यात मागची आधी बसते, मग तिच्यावर पुढची, शेवटी दर्शनी कमान सगळ्यांना कवेत घेते. हात न लावता, स्वतःच्या वजनाने.

संग्रहालयातल्या फोटोंत कानाजवळच्या त्या चुण्या मला आधी शोभेच्या वाटायच्या. त्या बिजागरीचं काम करतात.

२६ जुलै

फीत लावली. दर्शनी कमानीच्या मधोमध नव्हे, दोन्ही बाजूंना हनुवटीच्या किंचित वर, आणि मध्ये लांब झोळ. झोळ हातात धरून पुढे-खाली ओढायचा. काही जुन्या नमुन्यांत फीत माथ्याच्या मध्यापासून येते, पण ती चेहऱ्यासमोर लोंबेल. प्रेक्षकाला डोळे दिसले पाहिजेत.

गच्चीवर नेऊन वाऱ्यात धरून पाहिली. उभ्या टोपीचा बराचसा भार खालच्या टोकांच्या रेषेमागे जातो, त्यामुळे सोडली की ती मागेच पडते, पुढे चेहऱ्यावर कधीच येत नाही. हे फार शहाणपणाचं आहे: हात सुटला तरी बाई आंधळी होत नाही. समोरून वारा आला की टोपी भरते आणि फीत ताणते. ती ओढ मनगटाला स्पष्ट जाणवते. रिमझिमीत उभी राहिले. थेंब ताफ्त्यावरून घरंगळले, मग हळूहळू डाग पडायला लागले. मुसळधार पावसासाठी ही टोपी नाहीच. दारापासून गाडीपर्यंत, गाडीपासून दारापर्यंत, एवढ्याच पल्ल्याची ती.

२ ऑगस्ट

पहिली तालीम टोपीसह. अभिनेत्रीला ती जड वाटेल अशी धास्ती होती. तिने विगवर चढवली, इकडे तिकडे मान वळवली आणि म्हणाली, "ताई, काही घातलंय असं वाटतच नाही. पण माझा एक हात गेला की हो!"

खरंच गेला. फीत धरायची म्हणजे एक हात सतत छातीपाशी, मूठ मिटलेली. दुसऱ्या हातात झगा सावरायचा. दारात थांबलेल्या बाईला तिसरा हात उरत नाही. तिच्या नवऱ्याचं पात्र त्याच वेळी तिला एक चिठ्ठी देतं, संहितेत तसं आहे. आजवरच्या तालमीत ती सहज घ्यायची. आज ती क्षणभर थांबली. चिठ्ठी घ्यायची तर फीत सोडावी लागणार, फीत सोडली तर टोपी मागे पडणार आणि चेहरा नोकरांसमोर उघडा पडणार. तिने नवऱ्याकडे पाहिलं, फीत सोडली, टोपी सळसळत मागे गेली आणि मग हात पुढे केला. दिग्दर्शकांनी तिथेच तालीम थांबवून तो क्षण पक्का केला.

मामांचा दांडा लोखंडाचा होता, म्हणून गाडीतली माणसं दोन्ही हात मोकळे ठेवून बसत. या बायकांनी तो दांडा स्वतःच्या मुठीत धरला.

घरात शिरल्यावर टोपी कुणी उतरवायची? मी मोलकरणीच्या पात्राला शिकवलं: आधी मिटू द्यायची, मग मागून दोन्ही हातांनी कमानींची टोकं धरून सरळ वर उचलायची. पुढून काढली तर विग येतो.

५ ऑगस्ट

माहितीपत्रकासाठी चार ओळी लिहून दिल्या. १७९० च्या दशकात केस खाली आले. १७९५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) कर लावला आणि पावडर जवळजवळ गेलीच. डोकं लहान झाल्यावर कॅलॅशची गरज संपली. १८२० च्या आसपास डोक्यावर पुन्हा उंच अंबाडे आणि मोठ्या झालरटोप्या आल्या, तशी कॅलॅशही परतली. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ती पुढेही बरीच वर्षं वापरात होती. आणि १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बॉनेटच्या (हनुवटीखाली फितीने बांधायच्या बायकांच्या टोपीच्या) पुढच्या कडेला लावायचा छोटा मिटणारा पडदा निघाला, समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हासाठी. वेताच्या त्याच कमानी, तेच रेशीम. लोक त्याला सरळ 'अग्ली', म्हणजे कुरूप, म्हणत, तरी बायका तो वापरत राहिल्या, कारण ऊन लागत नव्हतं.

९ ऑगस्ट

टोपी वेशभूषा विभागाकडे दिली. सोबत या सूचना, पेटीच्या झाकणावर चिकटवल्या आहेत.

टोपी मिटून ठेवायची नाही. जुन्या कॅलॅश पाहिल्या तर रेशीम फाटतं ते बहुधा घड्यांवर आणि कमानींच्या कडेला. प्रयोग संपला की ती उभी करून आत मलमलचे बोळे भरायचे आणि उंच पेटीत ठेवायची. पावसाळ्यात पेटीत कडुनिंबाचा पाला चालेल, डांबरगोळ्या रेशमाला चिकटू द्यायच्या नाहीत. इस्त्री अजिबात नाही. दर पाच प्रयोगांनी डाव्या बाजूच्या चुण्या तपासायच्या, कारण अभिनेत्री उजव्या हाताने फीत ओढते आणि ताण तिरका पडतो. फीत झिजली तर नवी दोन मीटर त्याच हिरव्या रंगाची कापून ठेवली आहे, ती पेटीच्या तळाशी आहे. फीत बदलताना गाठ मारायची नाही, दोन्ही टोकं कमानीच्या आतल्या अंगाला उलट्या टिपेनेच शिवायची. प्रवेशात ती सुटली तर नाटक तिथेच अडेल.